पाचवा विषय

जून लागला की आमच्या मयूर विहारच्या घराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. घरात लग्नकार्य नसायचं, पूजा नसायची, कुणी आजारीही नसायचं. बारावीचा निकाल लागलेला असायचा एवढंच. सोसायटीतली मुलं, त्यांच्या आया, क्वचित एखादे आजोबा, सगळे हातात मार्कशीट घेऊन बाबांकडे यायचे. बाबा केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात होते. दिवसभर ऑफिसात देशाचे आकडे आणि संध्याकाळी घरी सोसायटीचे, असा त्यांचा जून जायचा. तेव्हा दिल्लीतल्या कॉलेजांची रीत अशी होती, की बारावीचे विषय पाच असले तरी प्रवेशाला त्यांतले चारच धरायचे, ज्यांत मार्क जास्त पडले असतील ते. पाचवा खुशाल टाकून द्यायचा. सगळी दिल्ली याला ‘बेस्ट ऑफ फोर’ म्हणायची. पण चारांत एक भाषा पाहिजे, अमक्या कॉलेजात तमका विषय चालत नाही, अशी शंभर पोटकलमं त्याला होती आणि बाबांना ती तोंडपाठ होती. मार्कशीट ट्यूबलाइटखाली धरून ते क्षणभर बघत आणि वैद्याने नाडी पाहून सांगावं तसं सांगत, ‘केमिस्ट्री टाक. चार आण्याचा फायदा आहे.’ खालच्या मजल्यावरच्या मल्होत्रा आंटींच्या मुलाचा असाच कुठलासा विषय टाकून बाबांनी त्याला हव्या त्या कॉलेजात बसवला होता. तेव्हापासून आंटी त्यांना भाईसाहब म्हणायच्या आणि दर दिवाळीला बर्फीचा डबा पाठवायच्या.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक बाल्कनी, तिच्यात कूलर, तुळस, मोगरा आणि कधीच न वापरली जाणारी सायकल. सकाळी सोसायटीची पाण्याची मोटर सुरू झाली की तिच्या घरघरीने आम्ही उठायचो. मग कबाडीवाल्याची लांबलचक हाक, मग आईच्या कुकरची शिट्टी. आई मूळची पुण्याची, पण तिच्या स्वयंपाकाला दिल्लीचं पाणी लागलं होतं. आमटीच्या शेजारी मुळ्याचे पराठे आणि थालीपीठाबरोबर बुंदीचं रायतं, यात तिला काही वावगं वाटत नसे. बाबा नगरकडचे ख्रिस्ती. त्यामुळे नाताळात आमच्याकडे करंज्या आणि अनारसे व्हायचे आणि भाद्रपदात मोदक. दोन्हींना सोसायटी तितक्याच आवडीने यायची. जेवायला बसल्यावर बाबा डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि आई हातात डाव घेऊन थांबायची. प्रार्थना लांबली की ती हळूच म्हणायची, ‘अहो, वरण निवतंय.’ बाबा ‘आमेन’ म्हणून लगेच ताट पुढे करायचे. या दोघांचं लग्न घरच्यांचा रोष पत्करून झालं होतं म्हणे. मी ते कितीदा ऐकलं, पण वरणाच्या बाबतीत सोडून त्यांचं कधी धर्मावरून वाजलेलं मी पाहिलं नाही.

आई कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात स्वागतकक्षात बसायची. गावाकडून कामं घेऊन आलेली माणसं, आमदारांचे मेहुणे, परीक्षेला आलेली मुलं, सगळ्यांशी दिवसभर बोलून ती घरी यायची आणि त्यांच्या नकला करून आम्हाला हसवायची. माणूस दारातून आत आला की तो खरं बोलणार की थाप मारणार, हे आपल्याला चालीवरून कळतं, असा तिचा दावा होता. बाबांचा विश्वास आकड्यांवर आणि तिचा चेहऱ्यांवर. मी दोघांची एकुलती एक, नाव रूथ, पण आई रुथी म्हणायची.

आणि अशा घरात गणित कच्चं असलेली मुलगी जन्माला आली. अकरावीत मी गणित घेतलं ते केवळ बाबांची मुलगी म्हणून. ते न घेणं म्हणजे हलवायाच्या मुलीने गोड न खाण्यासारखं झालं असतं. बाबा ऑफिसातून आले, चहा झाला, की आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसायचो. शेंगदाण्यांची वाटी मध्ये असायची. ते फार सुंदर शिकवायचे. चिडायचे नाहीत, घाई करायचे नाहीत, मला सुटलं की स्वतःलाच बक्षीस मिळाल्यासारखे दोन शेंगदाणे तोंडात टाकायचे. ते समोर असले की मला सगळं यायचं आणि परीक्षेत पेपर समोर आला की निम्मं यायचं. निकाल लागला तेव्हा भूगोलात शहाण्णव, राज्यशास्त्रात त्र्याण्णव, इंग्रजीत ब्याण्णव, अर्थशास्त्रात एक्याण्णव आणि गणितात बासष्ट. बाबांनी मार्कशीट ट्यूबलाइटखाली धरली, सोसायटीतल्या इतर कुणाचीही असावी तशी, आणि म्हणाले, ‘गणित टाकू. बेस्ट ऑफ फोर त्र्याण्णव. बिल्कुल ठीक आहे.’ मला वाईट वाटलं. बासष्टचं तितकंसं नाही. आमच्या दोघांच्या दोन वर्षांच्या संध्याकाळी अशा एका शब्दात बाजूला पडल्या, त्याचं वाटलं. त्यांनाही वाटलं असणार. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर झोपायला गेले.

त्र्याण्णववर दिल्लीतल्या एका कॉलेजात भूगोलाला प्रवेश मिळाला. पण माझं मन दुसरीकडेच लागलं होतं. मेट्रोने कॉलेजला जाताना यमुना लागते. हिवाळ्यात तिच्यावर पांढरा फेस तरंगायचा आणि काठावर मुळ्याची, पालकाची हिरवीगार शेतं असायची. पावसाळ्यात तीच शेतं पाण्याखाली जायची आणि ती करणारी माणसं खाटा, बकऱ्या, पोरंबाळं घेऊन रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली येऊन राहायची. दरवर्षी तेच पाणी आणि दरवर्षी तीच ताडपत्री. मेट्रोतली माणसं मोबाइलमधून मान वर करून बघायची आणि परत खाली घालायची. मला मात्र राग यायचा, आणि त्या वयात राग आला की काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. हॉलंडमध्ये पाव देश समुद्राच्या पातळीखाली असून माणसं कोरडी राहतात हे वर्गात कळलं, आणि पाण्याचं व्यवस्थापन शिकवणारा तिथला एक अभ्यासक्रम मी शोधून काढला. पैशांचं कसं जमवलं ती वेगळी कथा, ती इथे नको. आई-बाबा दोघंही हो म्हणाले, एवढं सांगितलं तरी पुरे.

अर्ज भरायला बाबा स्वतः बसले. हल्ली मी गुरुग्रामला राहते, आणि आमच्या सोसायटीच्या समोरच एक चकचकीत ऑफिस आहे, जिथे तुमचे मार्क कुठल्याही देशाच्या मापात बसवून देतात. काचेच्या दाराआड सूटबूट घातलेली मुलं बसलेली असतात आणि कॉफी मिळते. आमच्या वेळी ते काम बाबा बनियन घालून, डिसेंबर असेल तर वरून स्वेटर चढवून करायचे. अर्जात एक रकाना होता, शाळेच्या शेवटच्या परीक्षेची सरासरी. बाबांनी क्षणाचाही विचार न करता तिथे त्र्याण्णव टाकले. आई मटार सोलत होती. तिने विचारलं, पाच विषय दिले ना हिने, मग पाचांची सरासरी नको का. बाबा म्हणाले, अगं, सगळे असंच करतात. सगळे म्हणजे दिल्ली, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. इतक्या वर्षांत शेकडो मुलांचे टक्के काढले होते त्यांनी. सरासरी म्हणजे चारांची, हे त्यांच्या हातालाच ठाऊक झालं होतं. मार्कशीट त्यांनी पूर्ण जोडली, पाचही विषयांसकट. लपवायचं काही आहे असं त्यांच्या मनातच नव्हतं.

जानेवारीत तिकडून ईमेल आलं. भाषा अतिशय सभ्य होती, म्हणून जास्तच लागली. तुम्ही दिलेली सरासरी आणि जोडलेली मार्कशीट यांचा मेळ बसत नाही; आमच्या हिशेबाने सरासरी शहाऐंशी पूर्णांक आठ येते; याचा खुलासा करावा. शिवाय या अभ्यासक्रमाला गणितात आमच्याकडचे किमान सात गुण असावे लागतात. तिथे मार्क दहापैकी देतात. एक व्हिडिओ कॉल ठेवू, त्यात बोलू. खाली कुणा मारीके नावाच्या बाईंची सही होती.

बाबांनी ते ईमेल तीनदा वाचलं. मग कागद घेतला, बासष्टला दहाने भागलं आणि सहा पूर्णांक दोन लिहिलं. सातला कमी पडत होतं. त्यांनी पेन बंद केलं. ऑफिसात त्यांच्या आकड्यावर आजवर कुणी शेरा मारला नव्हता, हे आम्हाला माहीत होतं, आणि आता त्यांच्याच हातच्या आकड्यामुळे मुलीच्या अर्जावर तो पडला होता. ‘तिकडच्या माणसाला वाटेल की आपण लपवलं,’ ते म्हणाले, ‘माझ्यामुळे हिला खोटी समजतील.’ घरात त्या आठवड्यात टीव्ही लागला नाही. हॉलंड हातचं जाणार याचं दुःख होतंच, पण बाबा माझ्याकडे न बघता पोळी मोडायचे ते अधिक सहन होत नव्हतं. ते दोनदा म्हणाले की इथलं कॉलेज काही वाईट नाही. आई दोन्ही वेळा ताट उचलून आत गेली.

कॉल दुपारी होता. आईने सुट्टी घेतली. लॅपटॉप मल्होत्रा आंटींच्या मुलाचा, टेबल आमचं, आणि मागे भिंतीवर आईने धुतलेली चादर ताणून लावली, पोपडे दिसू नयेत म्हणून. कुकर लावायचा नाही, असं ठरलं होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातला होता, पण कॅमेऱ्यात यायचं नाही म्हणून ते टेबलाच्या कोपऱ्याशी, वेताच्या मोड्यावर, फाइल मांडीवर घेऊन बसले होते. मारीकेबाई पडद्यावर आल्या. साधारण आईच्या वयाच्या, केस बांधलेले, हातात कपभर काहीतरी. एकमेकींना नमस्कार होतो न होतो तोच खाली कबाडीवाल्याने आपली हाक दिली. बाईंनी विचारलं, हे कुठलं गाणं आहे. मी सांगितलं, जुने पेपर आणि बाटल्या विकत घेणारा माणूस आहे. त्या म्हणाल्या, सूर छान आहे. त्यानंतर माझी जीभ जरा सैल झाली.

मग त्या मुद्द्यावर आल्या. त्र्याण्णव कुठून आले. मी बेस्ट ऑफ फोर समजावायला लागले आणि दुसऱ्याच वाक्यात अडखळले, कारण दिल्लीबाहेरच्या माणसाला ते सांगायला गेलं की फार विचित्र वाटतं. पाच विषयांची परीक्षा द्यायची आणि एक टाकून द्यायचा, तो का? मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. बाबांना ते पाहवेना. ते मोड्यावरून उठले, टाय सावरला आणि माझ्या खांद्यावरून पडद्यात शिरले. सरकारी इंग्रजीत, अगदी टिपणी लिहावी तसं, त्यांनी प्रचलित पद्धत, तिची कारणं, पोटकलमं, सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की चूक माझी आहे, मुलीची नाही, मी सवयीने तो आकडा लिहिला. आई स्वयंपाकघराच्या दाराशी हात पुसत उभी होती. तिने मान डोलावली, म्हणजे बाई ऐकत होत्या. ऐकणारा माणूस तिला कळायचा.

मारीकेबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग त्या टाकलेल्या विषयाचं काय झालं. मी म्हटलं, ‘गणितात मला बासष्ट आहेत. बाबांनी मला रोज शिकवलं. मला अजून थोडं यायला हवं होतं.’ हे म्हणताना मी रडेन असं वाटलं होतं, पण उलट बरं वाटलं.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि बाबांना विचारलं की तुमच्याकडे पास कितीला होतात. बाबा म्हणाले, तेहतीसला. त्या एकदम हसल्या, चेष्टेने नाही. म्हणाल्या, आमच्याकडे पास साडेपाचला, आणि दहा कुणालाच मिळत नाहीत, दहा देवाचे असं आमचे शिक्षक म्हणायचे. मला शाळेत गणितात सात मिळाले तेव्हा आईने केक केला होता. तुमचे तेहतीस ते आमचे साडेपाच. तिथून वर मोजायला लागा.

यानंतर जे झालं ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. बाबांनी बाईंकडे पाहिलं, मग फाइल उलटी केली आणि तिच्या पाठीवर पेन चालवायला लागले. तेहतीसच्या वर बासष्टपर्यंत एकोणतीस, शंभरपर्यंत सदुसष्ट. साडेपाचच्या वर दहापर्यंत साडेचार. गुणिले, भागिले. ‘सात पूर्णांक चार,’ बाबा म्हणाले, आणि मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे, ‘जरा जास्तच. सात पूर्णांक चार-चार.’ बाईंनी आपल्या कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि सांगितलं की आमच्या तक्त्यातही हेच येतंय. ‘सहा पूर्णांक दोन नाही?’ बाबांनी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, ते कसं येईल. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मराठीत, बाईंना कळणार नाही याची पर्वा न करता, ते आईला म्हणाले, ‘अगं, मी आयुष्यभर शंभरातून खाली मोजत आलो.’

आई म्हणाली, ‘आता चहा टाकते,’ आणि आत गेली, कारण तिला रडू येत होतं आणि चादरीसमोर रडायचं नव्हतं. मारीकेबाईंनी निघताना सांगितलं की निर्णय समितीचा असतो, पण मार्कशीटमधले पाचही विषय मी त्यांच्यासमोर ठेवीन. पडदा काळा झाला. बाबा टाय काढून टेबलावर ठेवत म्हणाले की बाई हुशार आहेत. मग कुकर लावला गेला आणि आम्ही तिघं अतिशय उशिरा, बटाट्याची भाजी आणि गरम भात असं जेवलो. बाबांची प्रार्थना त्या दिवशी फारच लांबली. आईने भात निवू दिला.

प्रवेश मिळाल्याचं ईमेल आलं ते मी मेट्रोत असताना. खाली यमुनेवर फेस होता आणि काठाने मुळ्याचे ढीग पडले होते. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला मी ते सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘अच्छा, मुबारक हो बेटा,’ आणि तिने डब्यातला पेढा काढून मलाच दिला. घरी आईने साखरभात केला. मल्होत्रा आंटी वर आल्या, भाईसाहबनी कुठला विषय टाकला असं त्यांनी विचारलं, आणि बाबा छाती फुगवून म्हणाले की या वेळी एकही नाही. त्याच जूनपासून बाबांचं मार्कशीट बघणं थोडं बदललं. बेस्ट ऑफ फोर ते काढून द्यायचेच, कॉलेजांचा नियमच तो. पण टाकलेल्या विषयावर बोट ठेवून मुलांना म्हणायचे, यात तू पासच्या किती वर आहेस बघ, आणि वजाबाकी करून दाखवायचे. काही आयांना हे पटायचं नाही. मुलं मात्र हसत जिना उतरायची.

मी पाण्याचं शिकले, परत आले, आणि आता गुरुग्राममध्ये ज्या सोसायटीत राहते तिच्या दारात दर पावसात गुडघाभर पाणी साठतं. पाण्याची तज्ज्ञ बाई स्वतः सलवार वर धरून ऑफिसला जाते, यावर शेजारी मनसोक्त हसतात आणि मीही हसते. गटारांच्या निविदा माझ्या हातात नसतात. यमुनेच्या काठच्या लोकांसाठी मात्र थोडंफार करता आलं, आणि ते करताना गणित रोज लागलं.

पण सांगायचं ते हॉलंडमधल्या पहिल्या परीक्षेचं. गणिताचा पेपर होता आणि मला सहा पडले. वर्गात निम्मे नापास झाले होते, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त सहा दिसत होते, आणि ज्या बाबांनी माझ्यासाठी चूक कबूल केली, परक्या बाईसमोर उभं राहून आकडेमोड केली, त्यांना हे कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी फोन लावला. बाबांनीच उचलला. मी एका दमात सांगून टाकलं, सहा मिळाले, सात नाही मिळाले, मला यायला हवं होतं. पलीकडे आईची भांडी वाजत होती. बाबा मनात वजाबाकी करत होते हे मला इतक्या लांबून ऐकू येत होतं.

‘पास साडेपाचला ना?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘मग तू वरच आहेस. जेवलीस का?’